शाळेशी सोयरीक

माझी पहिली सोयरीक झाली ती दिग्रसच्या एका हायस्कुलाशी. हे मी कुणाला सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई शिक्षणावरचं आपलं प्रेम नटवून सांगताहेत. प्रेमबिम काही नव्हतं. रीतसर सोयरीक होती, आमच्या तांड्याच्या नायकासमोर, कारभाऱ्यासमोर आणि चार जाणत्या माणसांसमोर झालेली. मोडली असती तर मोडणाऱ्याला दंड बसला असता. नवरा म्हणाल तर लांबट, बैठा, डोक्यावर पत्रे घातलेला आणि पावसाळ्यात जागोजागी गळणारा.

आमचा तांडा, म्हणजे आमच्या लोकांची वस्ती, पुसद-दिग्रस रस्त्यापासून बराच आत, टेकडीच्या उतारावर. आमची मंडळी पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायची. आजोबांच्या पिढीने तेच बैल नांगराला जुंपले आणि आम्ही शेतकरी झालो. घरात आमची गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी. एवढ्या बोली तोंडात खेळत असूनही मी शाळेत गप्पच असायची, कारण कोणती कुठे काढायची याचा अंदाज यायला वेळ लागायचा.

शिकायला म्हणून मला कुणी दिग्रसला पाठवलं नव्हतं. माझा मामा तिथे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. मामीला लहान लहान मुलं होती आणि ती सांभाळायला एक फुकटची पोरगी हवी होती. दुपारी मुलं झोपायची. तेवढ्या वेळात ही बसून काय करणार, म्हणून मामाने मला शाळेत घातलं. पुढे मुलं मोठी झाली, दुपारी झोपेनाशी झाली, पण मला शाळेतून काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही कुणाला आठवण करून दिली नाही. अशी विसरली गेलेली मी नववीपर्यंत पोचले.

त्या सुमारास आमचा मुलूख मध्य प्रदेशातून निघून मुंबईकडे आणि मग नव्या महाराष्ट्रात आला होता, आणि शाळेत नवनवे हुकूम यायला लागले होते. त्यातलाच एक असा की हायस्कुलातल्या एका शिक्षकाने मुंबईला जाऊन शिकून यावं आणि मुलांना पुढे काय करावं याचं मार्गदर्शन करावं. अशा शिक्षकाला करिअर मास्तर म्हणायचे. गणिताचे मास्तर पाठवले तर गणित बुडणार, इंग्रजीचे पाठवले तर इंग्रजी. ड्रॉइंगचे मास्तर गेले तर काय बुडणार, असा विचार करून हेडमास्तरांनी ड्रॉइंग मास्तरांना पाठवलं.

हे मास्तर गावातल्या जुन्या कचेरीवाल्या घरातले. वडील तहसिलीत होते, आजोबाही तहसिलीतच. मास्तरांचं लग्न झालेलं नव्हतं, आई आणि ते. कोट स्वच्छ, बोलणं त्याहून स्वच्छ. 'पाणी पाहिजे' एवढं सांगायलाही ते पुरतं वाक्य बनवायचे. मुंबईहून येताना त्यांनी नाना व्यवसायांच्या चित्रांचा एक मोठा तक्ता आणला, लाकडी ठोकळ्यांची एक पेटी आणली, आणि प्रत्येक मुलात एक कल दडलेला असतो, तो शोधून काढला की त्या मुलाचं आयुष्य सुतासारखं सरळ होतं, असा पक्का विश्वास आणला. तोवर आम्हाला वाटायचं, आमच्यात फक्त जंत असतात.

मार्गदर्शनाला खोली हवी होती. लेझिमी आणि डंबेल्स ठेवायच्या खोलीचा एक कोपरा मास्तरांना मिळाला. आडोशाला स्नेहसंमेलनातला नाटकाचा पडदा लावला. त्यावर राजवाडा रंगवला होता, मास्तरांनीच. एका वेळी एकच विद्यार्थी, वीस मिनिटं, आणि पडद्याआड बोललेलं पडद्याबाहेर जाणार नाही, असा नियम त्यांनी वर्गावर्गात येऊन सांगितला. पडदा पातळ होता. आत एक जण आपला कल सांगायचा आणि बाहेर राजवाड्याच्या दारात बाकीचा वर्ग कान देऊन उभा असायचा.

मुलांनी आधी उड्या मारल्या त्या गणिताचा तास चुकतो म्हणून. मास्तर ठोकळे जुळवायला द्यायचे, तक्ता दाखवायचे, प्रश्न विचारायचे. बहुतेक मुलांना एस.टी.चा कंडक्टर व्हायचं होतं. चामड्याची पिशवी, घंटीची दोरी आणि पाटलालासुद्धा 'सरका पुढे' म्हणायचा अधिकार, याहून मोठं काय असणार. मास्तर हिरमुसायचे, कारण तक्त्यावर कंडक्टर नव्हता. तक्त्यावर विमान चालवणारा होता, दुर्बिणीतून बघणारा होता आणि पांढऱ्या टोपीतला खलाशी होता.

एका कापूसवाल्या शेटजींच्या मुलाने ठोकळे फार भराभर जुळवले आणि त्याचा कल खलाशाकडे निघाला. दुसऱ्या दिवशी शेटजी स्वतः आले. पडदा बाजूला करायचीही त्यांनी तसदी घेतली नाही.

"मास्तर, माह्या पोट्ट्याले समुद्रावर काहून धाडून राह्यले तुमी? त्याले तलावात पोहता येत नाई."

"हा केवळ कल आहे," मास्तर म्हणाले. "सक्ती नाही."

"मंग तो कल तुमच्यापाशीच राहू द्या," म्हणून शेटजी त्या दिवसापुरतं मुलाला दुकानावर घेऊन गेले. तेव्हापासून त्या मुलाला आम्ही कप्तान म्हणायचो, आणि तो आज जिथे असेल तिथे कापूसच मोजत असेल.

माझी पाळी आली ती पावसाळा संपता संपता. मी ठोकळे जुळवले. मास्तरांनी विचारलं, "मोठेपणी तुला काय व्हावंसं वाटतं?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. तांड्यात एकट्या माणसाला असं काही विचारत नाहीत. कुणाचं लग्न, कुणाचं भांडण, कुणाचं शेत, सगळं चार माणसांत बसून ठरतं. मी खूप विचार केला आणि जे खरं होतं ते सांगितलं. "खुर्चीवर बसावंसं वाटते."

"कोणत्या खुर्चीवर?"

"कोणत्याबी."

मास्तर गोंधळले. खुर्चीचं त्यांना मुंबईत शिकवलं नसावं. पण माणूस भला. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. शिक्षिकेला खुर्ची असते, कचेरीत कारकुनाला असते, दवाखान्यातल्या बाईंना असते, अशा एकेक खुर्च्या त्यांनी माझ्यापुढे मांडल्या आणि म्हणाले, "यातली कोणतीही मॅट्रिक झाल्याशिवाय मिळत नाही."

"मंग नाई जमत," मी म्हटलं. "दिवाळीनंतर माही सोयरीक हाये."

पडद्याबाहेरची कुजबुज एकदम थांबली. मी मास्तरांना सगळं सांगितलं. फुलसावंगीकडच्या एका तांड्यातलं स्थळ होतं. बोलणी होत आली होती, दिवाळीनंतर ते लोक गूळ घेऊन येणार होते आणि मग माझी शाळा संपणार होती. मुलगा वाईट नव्हता. मी त्याला बाजारात एकदा भजी खाताना पाहिलं होतं, चांगली पोटभर खात होता. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मला फक्त नववीच्या पुढचं जे राहिलं होतं ते हवं होतं. एवढं बोलले आणि मला रडू आलं. शाळेत मी पहिल्यांदाच इतकं बोलले होते आणि तेही रडण्यात गेलं, याचा मला भारी राग आला.

मास्तरांनी रुमाल दिला. म्हणाले, "वडिलांना निरोप पाठव. एकट्यांनाच येऊ देत. मी त्यांना समजावून सांगतो. वीस मिनिटांचं काम आहे."

हे ऐकताच मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण मास्तरांचा आवाज इतका खात्रीचा होता की मलाही ते खरं वाटलं.

निरोप मामाने दिला, कापसाच्या गाडीबरोबर आलेल्या आमच्या तांड्यातल्या एका माणसाजवळ. 'पोरीच्या बापाले शाळेत बोलावलं हाये.' तांड्यात तो निरोप जसा समजायचा तसाच समजला गेला. मुलीबद्दल बोलावणं आलं म्हणजे एक तर मुलीने गुन्हा केला, नाही तर कुणी तिला मागणी घातली. दोन्हींत बाप एकटा जात नाही. दोन्हींत नसाब जाते. नसाब म्हणजे आमची पंचायत. नायक, त्याचा कारभारी आणि जाणती माणसं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी शाळेच्या फाटकात दोन बैलगाड्या येऊन उभ्या राहिल्या. पुढच्या गाडीतून आमचा नायक उतरला, भलं मोठं पागोटं आणि हातात काठी. मग कारभारी, मग इतर माणसं, मग खाली मान घातलेला माझा बा. मागच्या गाडीतून माझी याडी, म्हणजे आई, आणि काकी. डोक्यांवरून ओढलेल्या आरशांच्या फडक्या, घागरे, दंडापर्यंत बांगड्या. बायका चालायला लागल्या आणि सगळी शाळा खणखणली. वर्गांत शिकवणं थांबलं. सगळी मुलं खिडक्यांना लटकली, आणि मी बाकाखाली शिरायचा विचार करत होते.

मास्तर पडद्याआड एक खुर्ची मांडून एका वडिलांची वाट बघत होते. नायकाने काठीने पडदा उचलला. राजवाडा पाहिला, खुर्ची पाहिली, मास्तर पाहिले.

"पोरीची गोष्ट अन् पडद्याआड कायले?" त्याने विचारलं. "इथं काही चोरीचं हाये का?"

"तसं नाही," मास्तर म्हणाले. "ही विद्यार्थिनीच्या हिताची पद्धत आहे. अशा गोष्टी खाजगीत बोलायच्या असतात."

"हिताची गोष्ट असंल त बाहेर बोला. अहिताची असंल त आणखीनच बाहेर बोला."

आणि नसाब शाळेच्या पटांगणात, कडुनिंबाखाली बसली. मास्तर थोडा वेळ उभे राहिले, मग कोट सावरून तेही मातीत बसले. हेडमास्तर ऑफिसच्या दारात आले, एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. मला मास्तरांच्या आणि नसाबीच्या मधोमध उभं केलं.

कारभाऱ्याने रीतीप्रमाणे सुरुवात केली. "पोरीचा गुन्हा काय?"

"गुन्हा काहीच नाही," मास्तर म्हणाले.

"मंग फिर्याद कोणाची?"

"कुणाचीच नाही."

"गुन्हा नाई, फिर्याद नाई, मंग आमचे बैल कायले दमवले?"

मास्तरांनी कल समजावून सांगायला घेतला. प्रत्येक मुलात तो असतो, हिच्यातही आहे, ठोकळ्यांवरून तो दिसला, हिला मॅट्रिकपर्यंत शिकू द्यावं. नायकाने ठोकळे मागवले. पेटी आली. सगळ्या नसाबीने ते हाताळले, एकाने जुळवूनही दाखवले, मास्तरांच्या मुंबईच्या गुरूंपेक्षा लवकर. मग आपसात आमच्या बोलीत वाद सुरू झाला. बा म्हणाला, बोलणी झाली आहेत, पाहुण्यांना काय तोंड दाखवू. एक म्हातारा म्हणाला, पोरगी शिकली तर तिला शिकलेला नवरा हवा, तो कोणत्या तांड्यात मिळतो. काकी बायकांच्या बाजूने म्हणाली, शिकलेली असली की दवाखान्यात आपलं काय दुखतं ते नीट सांगता तरी येईल. प्रत्येकाला बोलायचं होतं आणि नसाबीत प्रत्येकाला बोलू देतात. वीस मिनिटं केव्हाच गेली होती. मधली सुट्टी झाली, मधली सुट्टी संपली, ऊन कडुनिंबाच्या आतपर्यंत आलं.

मास्तर घामाघूम झाले होते. त्यांना एकच गोष्ट सुचली, जी कोणत्याही सभ्य घरातल्या माणसाला सुचली असती. लांबून उन्हातान्हात आलेल्या पाहुण्यांना गूळ-पाणी द्यावं. त्यांनी चपराशाला बाजारात पिटाळलं.

इथे एक सांगायला हवं. आमच्यात सोयरीक ठरते ती गुळाने. मुलाकडची माणसं गूळ घेऊन येतात, मुलीचा नायक आणि पंच बसलेले असतात, मुलाकडच्याने आपल्या हाताने गूळ द्यायचा आणि नायकाने आणि पंचांनी तो खायचा. खाल्ला की सोयरीक पक्की. त्यानंतर राजा मागायला आला तरी मुलगी मिळत नाही.

हे मास्तरांना कुठून माहीत असणार. चपराशी गुळाचा खडा कागदात बांधून घेऊन आला, मागे पाण्याची बादली. मास्तरांनी पाहुण्यांचा मान म्हणून चपराशाला बाजूला केलं, स्वतः गूळ फोडला, पहिला खडा नायकाच्या हातावर ठेवला, दुसरा कारभाऱ्याच्या, तिसरा माझ्या बाच्या. मी ओरडायला तोंड उघडलं, पण तोवर उशीर झाला होता. कारभारी उन्हाने इतका सुकला होता की त्याने विचार न करता खडा तोंडात टाकला आणि चावला. त्याचा तो कडकन झालेला आवाज मला अजून ऐकू येतो.

याडीने फडकी तोंडावर ओढली. कारभाऱ्याला आपण काय केलं ते कळलं, पण गूळ अर्धा घशाखाली गेला होता आणि तो परत काढायची आमच्यात रीत नाही.

नायकाने आपल्या हातावरच्या खड्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "मास्तर, हा गूळ तुमी कायच्यासाठी वाटला?"

मास्तर खूश झाले. त्यांना वाटलं, पाहुणे सुखावले. "तुम्ही आलात, मुलीच्या भल्याचं बोललात. तोंड गोड करा."

"पोरीच्या बोलण्यावर तोंड गोड करू?"

"अगदी मनापासून."

"अन् हा गूळ कोणाच्या तर्फेनं?"

"माझ्या एकट्याच्या नाही," मास्तर विनयाने म्हणाले. "शाळेच्या तर्फे समजा."

नायकाने हातावरचा खडा बोटांनी फिरवून बघितला. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. आजही मी शपथेवर सांगेन की पागोट्याखाली ते डोळे हसत होते. मग त्याने खडा तोंडात टाकला, सावकाश चघळला, पाणी प्यायला आणि आमच्या बोलीत निवाडा दिला. शाळेने पोरगी मागितली. नसाबीने गूळ खाल्ला. मॅट्रिक होईपर्यंत पोरगी शाळेची. तोवर दुसरा गूळ तांड्यात येणार नाही.

"शाळा काय माणूस हाये?" म्हातारा उखडला.

"मारत नाई, दारू पीत नाई, घर सोडून जात नाई," नायक म्हणाला. "तुह्या जावयापेक्षा त बरी हाये."

बाने हातातला गूळ फेकला नाही. फेकला असता तर नसाबीचा अपमान झाला असता. त्याने तो खाल्ला, गाडीत जाऊन बसला, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचं सोडलं. काही सांगायचं असलं की याडीला सांगायचा, मी समोर उभी असले तरी.

गाड्या गेल्यावर मास्तर हात चोळत माझ्याजवळ आले. "बघ, नीट समजावलं की लोक ऐकतात," म्हणाले. मी त्यांना गुळाचं सांगितलं. ते कडुनिंबाच्या पारावर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं, एका शब्दात.

पुढची दोन वर्षं मला शाळेने किती छळलं ते विचारू नका. पावसात पत्रे गळायला लागले की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "अवं, तुह्या नवऱ्याले सर्दी झाली." भिंतीला चुना लावला की, "नवरा सजला." हेडमास्तर माझे सासरे झाले होते. शिक्षा म्हणून मला वर्ग झाडायला लावला तर मुली म्हणायच्या, सासुरवास आहे, सोस. मी चिडायची, भांडायची, एकदा कप्तानच्या डोक्यात डस्टर घातला. पण खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही. कुणाची तरी म्हणून ओळखलं जाण्यात एक ऐट असते, मग तो पत्र्याचा का असेना.

दिवाळीनंतर फुलसावंगीकडचे लोक आलेच. नायकाने त्यांना पाणी दिलं आणि पोरीचा गूळ खाल्ला गेलाय म्हणून सांगितलं. कोणासंगं, म्हणून त्यांनी विचारलं. दिग्रसच्या शाळेसंगं, नायक म्हणाला. ते आधी खूप हसले. मग नायक हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते रागावून उठून गेले. त्या मुलाचं उन्हाळ्यात दुसरीकडे लग्न झालं.

अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची परीक्षा मी दिली आणि गणितात नापास झाले. इतर विषय बरे होते. गणिताशी माझं कधी पटलंच नव्हतं. निकाल कळल्यावर मी पुस्तकं मामीच्या फडताळावर टाकली आणि तांड्यावर निघून आले. मनातून थोडं सुटल्यासारखंही वाटत होतं. दोन वर्षं सगळा तांडा माझ्याकडे डोळे लावून होता आणि मी थकले होते. याडीला म्हटलं, झालं ते झालं, आता देऊन टाका कुठे तरी. याडी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "हे नसाबीत सांग, मले कायले सांगतं."

बाने नसाब बोलावली. आता बंधन संपलं, पोरगी मोकळी करा, असं त्याचं म्हणणं. नायक आता थकला होता, उन्हाळ्यात आजारीही पडला होता, पण निवाड्यात चुकत नव्हता. तो म्हणाला, पोरीत खोट निघाली म्हणून आपण सोयरीक मोडत नाही. मोडायची तर समोरच्याने. शाळेला विचारा, सोडते की ठेवते.

आणि ज्याने गूळ दिला होता, त्याला बोलावणं गेलं.

मास्तर आले. पुसदच्या एस.टी.तून फाट्यावर उतरून आमच्या टेकडीपर्यंत चालत आले, कोट हातावर, बूट चिखलाने भरलेले. आता ते करिअर मास्तर राहिले नव्हते. पडदा नाटकाला परत गेला होता, तक्ता वाळवीने खाल्ला होता, आणि मुलांना काय व्हायचं ते पुन्हा मुलांचे बाप ठरवत होते. तरी ते आले. त्यांना मुलाकडच्यांच्या जागेवर बसवलं. समोर नसाब, मागे बायका, पोरं, सगळा तांडा. मी मधे उभी. मला मान वर करता येत नव्हती.

"मास्तर," नायक म्हणाला, "पोरगी नापास झाली. शाळा सोडते का ठेवते, ते सगळ्यांसमोर सांगा."

मास्तरांनी हेडमास्तरांना काही विचारलेलं नव्हतं, शाळेच्या वतीने बोलायचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता. मला वाटलं, आता ते कलाबद्दल बोलणार. ते बोलले नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"मी मॅट्रिकला गणितात नापास झालो होतो," ते म्हणाले. "एकदा नाही, दोनदा. म्हणून तर ड्रॉइंगला गेलो. गावात हे कुणाला माहीत नाही. आईने कुणाला कळू दिलं नाही."

पडद्याआडसुद्धा जे बोलले नसते ते त्यांनी आमच्या भर तांड्यात सांगितलं, आणि तेही इतकं साधं की बायकांनाही कळलं. कुणी हसलं नाही. माझ्या अंगातून काहीतरी उतरून गेलं. दोन वर्षं मला वाटत होतं, आमच्यासारख्यांना गणित येत नाही आणि कोटवाल्यांच्या घरात ते जन्मतःच येतं.

"मंग आता साऱ्या तांड्याले माहीत झालं," नायक म्हणाला. "बसा आरामात. अन् शाळेचं काय?"

"शाळा ठेवते," मास्तर म्हणाले.

बा इतका वेळ काठीने माती उकरत होता. त्याने मान वर केली. "मास्तर, मंग तुमी पास कसे झालते?"

"तिसऱ्यांदा बसलो."

बाने काठी बाजूला ठेवली. मग तो माझ्याकडे वळला. याडी शेजारीच होती, पण त्याने तिला मधे घातलं नाही.

"तुही पुस्तकं कुठी हायेत?" त्याने मला विचारलं.

"मामीच्या फडताळावर," मी म्हटलं.

मास्तर चहा पिऊन फाट्याकडे निघाले तेव्हा बाही उठला, पागोटं बांधलं आणि पुस्तकं आणायला त्यांच्याबरोबर दिग्रसच्या गाडीला गेला.